काकांचं सॉरी

बाबांच्या बेसण्याला, म्हणजे गुजरातेतल्या शोकसभेला, काका आले ते अगदी शेवटी, सहाला पाच कमी असताना. पेपरातल्या जाहिरातीत चार ते सहा छापलं होतं, त्यामुळे बहुतेक सगळे साडेपाचपर्यंत येऊन गेले होते. पांढऱ्या चादरी चुरगळल्या होत्या, स्पीकरवरचं भजन कुणीतरी बारीक केलं होतं, सुखडच्या, म्हणजे चंदनाच्या, हाराचा वास मात्र तसाच हॉलभर होता. काका जिन्याचा कठडा धरून वर आले, फोटोपुढे हात जोडून उभे राहिले, किती तरी वेळ, इतका की भजनाचं एक पूर्ण कडवं झालं. मग वळले, आईकडे गेलेच नाहीत, बायकांच्या बाजूला बसली होती ती, सरळ माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "सॉरी गं." बस. एवढंच. आणि आले तसे कठडा धरून हळूहळू खाली उतरून गेले, उजवा पाय आधी खाली टेकवत, बाबा उतरायचे तसेच.

अकरा वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर विकलं तेव्हा बाबा आणि काकांमध्ये जे व्हायचं ते झालं. घरोघरी होतं तसंच, सह्या, हिस्से, कोणी किती वर्षं आईवडिलांचं केलं त्याचा हिशोब, आणि मग एक दिवस रावपुऱ्यात भर रस्त्यात बोलू नये ते बोलणं. ते सगळं परत उगाळण्यात अर्थ नाही. पण त्या संध्याकाळपासून ते 'सॉरी गं' माझ्या डोक्यात अडकून बसलं ते बसलंच. कारण मला कळेचना की हे सॉरी कुठलं. त्या दोन तासांत शंभरेक माणसं मला सॉरी म्हणून गेली होती, बाबांच्या ऑफिसातली, माझ्या मुलीच्या कॉलेजातली पोरं, सोसायटीतले, आणि त्या सगळ्यांचं सॉरी म्हणजे वाईट झालं, एवढंच. काकांचंही तसलंच होतं का? की ते त्या अकरा वर्षांचं होतं? एकच शब्द, तोच उच्चार, आणि एका अर्थाने घेतला तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे रीत पाळून गेले, दुसऱ्या अर्थाने घेतला तर सख्ख्या भावाच्या फोटोपुढे उभं राहून माफी मागून गेले. मी रात्री पडल्या पडल्या तो आवाज परत परत ऐकायचे, 'गं' वर किती जोर होता, मान खाली होती की नव्हती.

ह्याच शब्दावरून त्याच्या आधी तीन दिवस आईने मला एक प्रश्न विचारला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो तरुण डॉक्टर बाहेर आला, मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाला, "आय ॲम सॉरी." अजून कळत होतं आणि कळत नव्हतं अशी ती वेळ. त्या रात्री सगळे पांगल्यावर, अंधारात, मला वाटलं आई झोपली, तर ती म्हणाली, "तो डॉक्टर सॉरी का म्हणाला गं? त्यांच्याकडून काही राहिलं का करायचं?" मी म्हटलं, नाही गं आई, इंग्लिशमध्ये असंच म्हणतात कुणी गेलं की. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग वाईट वाटलं असं म्हणावं ना. सॉरी म्हणजे चूक." आई मराठी शाळेत मॅट्रिक झालेली, तिने सॉरी हा शब्द ऐकला तो आधी माझ्या आणि मग माझ्या मुलीच्या तोंडून, कप फुटल्यावर, उशिरा आल्यावर, मार्क कमी पडल्यावर. तिच्यासाठी सॉरीच्या मागे नेहमी काहीतरी फुटलेलं असतं. त्यामुळे पुढे किती तरी दिवस तिच्या मनात ती शंका राहिली, डॉक्टर सॉरी म्हणाला म्हणजे काहीतरी असणारच.

माझा धंदा भाषांतराचा आहे. कोठीजवळ नोटरीवाल्यांच्या रांगेत, गुजरातीतले जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नाची सर्टिफिकेटं इंग्लिश करून द्यायची, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलामुलींची. दिवसभर शब्दच हाताळते, पण ते शब्द सरळ असतात, पित्याचे नाव म्हणजे पित्याचे नाव. एका शब्दापाशी असं थांबून राहायची वेळ कधी आली नव्हती. मग एका दुपारी, समोर गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मी सॉरी शब्द कुठून आला ते शोधायला बसले, आणि पहिल्याच ओळीला थबकले.

मी इतकी वर्षं धरून चालले होते की सॉरी हा सॉरो मधून आला, सॉरो म्हणजे दुःख, शोक, म्हणजे ती दोन्ही सख्खी भावंडं. तसं मुळीच नाही. सॉरी आलाय सोअर मधून. घसा धरला की डॉक्टर सोअर थ्रोट म्हणतात ना, तोच सोअर. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्लिशमध्ये 'सार' म्हणजे जखम, ठणका, आणि त्याला प्रत्यय लावून 'सारिग', म्हणजे ज्याला दुखतंय तो. सॉरोचं मूळ वेगळंच, 'सोर्ग', त्याचा जर्मन भाऊ 'झोर्गं' आजही काळजी ह्या अर्थाने वापरतात. पण सॉरी आणि सॉरो शतकानुशतकं शेजारी शेजारी राहिले, एकाच घरात, एकाच प्रसंगाला वापरले गेले, आणि हळूहळू सॉरीचा उच्चारसुद्धा सॉरोच्या वळणावर गेला, एरवी तो सोअरसारखा लांब राहायला हवा होता. रक्ताचं नातं नाही आणि तोंडवळा सारखा. असं माणसांचं होताना मी पाहिलंय, चाळीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलेल्या आमच्या दोन शेजारणी लोकांना बहिणीच वाटायच्या.

आणि 'सार' चाही एक जर्मन भाऊ आहे, 'झेअर', त्याचा अर्थ आज नुसता 'खूप'. खूप छान, खूप मोठं, त्यातलं खूप. आधी दुखेल इतकं, मग दुखणं गळून गेलं आणि नुसतं 'इतकं' उरलं. मला हे वाचून आपलं मरणाचं ऊन आठवलं. बडोद्यात मे महिन्यात सगळे म्हणतात, मरणाचं उकडतंय, आणि म्हणताना मरण कोणाच्याच मनात नसतं.

तर जुन्या इंग्लिशमध्ये 'मी सारिग आहे' म्हणणारा माणूस एवढंच सांगत होता की मला दुखतंय. का दुखतंय ते त्या शब्दात नव्हतं. कुणी मेलं म्हणून दुखत असेल, स्वतःच्या हातून काही झालं म्हणून दुखत असेल. चूक ही त्या शब्दात नंतर येऊन राहिली. म्हणजे मला छळणारा प्रश्न, हे सॉरी शोकाचं की माफीचं, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला पडलाच नसता. मला हे कळल्यावर बरं वाटलं आणि पाचच मिनिटांत परत वाटलं की नाही, काका काही हजार वर्षांपूर्वीचे नाहीत, ते मांजलपूरला राहतात.

ह्या एका शब्दाच्या दोन अर्थांनी माणसांना किती अडचणीत आणलंय ते मग दिसायला लागलं. कॅनडात ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली चक्क कायदा केला, की कोणी सॉरी म्हटलं म्हणून तो कोर्टात चुकीचा कबुलीजबाब धरायचा नाही. त्यांच्याकडे डॉक्टर, ड्रायव्हर सगळेच सॉरी म्हणायला घाबरत असणार, वकील मागे लागेल म्हणून, म्हणजे समोर माणूस कोसळलाय आणि तोंडातून साधा शब्द काढता येत नाही. आईने अंधारात जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला होता. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बघ, म्हणजे मी काही वेडं विचारलं नव्हतं." त्यानंतर डॉक्टरचा विषय तिने परत काढला नाही.

ऑस्ट्रेलियाचं वाचलं तेव्हा तर मी काम बाजूला ठेवून वाचत बसले. तिथल्या मूळच्या लोकांची मुलं सरकारी धोरण म्हणून आईबापांपासून काढून नेत असत, विसाव्या शतकात, दोन-चार वर्षं नव्हे, कित्येक दशकं. १९९७ मध्ये त्याचा मोठा अहवाल आला, पुढच्या वर्षी २६ मे ला लोकांनी पहिला सॉरी डे पाळला, पण तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड काही केल्या तो शब्द उच्चारायला तयार होईनात. १९९९ मध्ये त्यांनी संसदेत ठराव आणला त्यात रिग्रेट, म्हणजे खेद, होतं, सॉरी नव्हतं. शेवटी १३ फेब्रुवारी २००८ ला केव्हिन रड पंतप्रधान म्हणून उभे राहिले आणि संसदेत स्पष्ट सॉरी म्हणाले, तेव्हा लोक बाहेर हिरवळीवर पडदे लावून बघत होते, रडत होते. आणि मला सगळ्यात आत लागलं ते हे की त्याच मूळ लोकांच्या बोलण्यात 'सॉरी बिझनेस' म्हणजे मयताचे विधी. कुणी गेलं की सगळे जमतात, कामधंदा बंद, मेलेल्याचं नाव बराच काळ कुणी तोंडातून काढत नाही, त्या सगळ्याला ते सॉरी बिझनेस म्हणतात. इंग्रजांची भाषा शिकलेल्या त्या लोकांच्या तोंडी शब्दाचा जुना अर्थ, दुखण्याचा, जिवंत आहे. आमचं बेसणं त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी ह्याच नावाने ओळखलं असतं.

रिग्रेट वरून आपलंही आठवलंच. जालियनवाला बागेला १३ एप्रिल २०१९ ला शंभर वर्षं झाली, त्याच्या तीन दिवस आधी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटनच्या संसदेत बोलल्या, लाजिरवाणा डाग म्हणाल्या, डीपली रिग्रेट म्हणाल्या. त्या शब्दाच्या पुढे एक पाऊल नाही टाकलं. सरकारी आकडाच ३७९ मेलेल्यांचा, त्या मैदानातल्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आजही आहेत, आणि शंभर वर्षांनी शब्द निवडताना एवढं मोजून मापून. मला तेव्हाही राग आला होता, आताही येतो. रिग्रेट म्हणणाऱ्याला खेद होतो पण तो घटनेपासून दोन हात लांब उभा असतो. आणि अपॉलॉजीचं तर मूळच उलटं, ग्रीकमध्ये अपोलोजिया म्हणजे कोर्टातलं बचावाचं भाषण. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसने जी केली तिला अपॉलॉजी म्हणतात, आणि त्यात त्याने माफी कुठेच मागितलेली नाही.

मग आपल्याकडे काय आहे? मी एक आख्खी दुपार ह्यात घालवली. माफ आलं अरबीतून. दिलगिरी फारसी, दिल आणि गीर, म्हणजे काळीज कशाने तरी धरलंय, आवळलंय. किती सुंदर शब्द, आणि आपण त्याला कुठे नेऊन ठेवला, 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत', रस्ता खणलाय तिथल्या पत्र्यावर. क्षमा संस्कृत, क्षम् म्हणजे सहन करणं, म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. म्हणजे क्षमा हा शब्द सहन करणाऱ्याचा आहे, ज्याच्यावर आदळलं त्याचा. आणि सॉरी हा शब्द ज्याला आतून दुखतंय त्याचा. ही दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि दोघांकडे दोन वेगवेगळे शब्द.

पण खरं सांगू, आमच्या घरात ह्यातला एकही शब्द कुणी वापरायचं नाही. आजीचा पाय चुकून कुणाला लागला की ती वाकून त्या माणसाला बोटं लावायची आणि तीच बोटं आपल्या छातीला, मग कपाळाला. लहान पोर असलं तरी. पुस्तकाला लागला तरी. तोंडातून फार तर "अगं बाई, पाय लागला." बाबांचं तर ह्याहून वेगळं. बाबा चिडले, ओरडले, मी रडून झोपले, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ऑफिसातून येताना लीलो चेवडो आणायचे. तेलाने पारदर्शक झालेला कागद, त्याला रबर, ते काही न बोलता टेबलावर ठेवायचे आणि पेपर उघडून बसायचे. बटाट्याचा मऊ कीस, चण्याची डाळ, हिरव्या मिरचीचे तुकडे, मधून मधून गोड बेदाणा. मी बेदाणे आधी वेचून खायचे. पाकीट उघडलं की भांडण संपलं, त्यावर कधी एक अक्षर बोलणं झालं नाही. आईशी भांडले तरी लीलो चेवडोच. आमच्याकडे महिन्यातून तीनदा पाकीट आलं तर तो महिना कसा गेला असेल ते समजून घ्यायचं.

अकरा वर्षांत ते एकदाही पाकीट घेऊन मांजलपूरला गेले नाहीत.

भाद्रपद आला. वर्षाच्या आत म्हणून आमच्याकडे गणपती नव्हता, घर गप्प गप्प होतं, दांडिया बाजाराकडून ढोल ऐकू येत होते. त्याच सुमाराला जैनांची संवत्सरी असते. समोरच्या फ्लॅटमधल्या बेन दरवर्षी येतात, ह्याही वर्षी आल्या, आठ दिवसांचा उपास झालेला, चेहरा सुकलेला, आवाज बारीक. दारात उभ्या राहून आईला हात जोडले, मला जोडले, आतून माझी मुलगी आली तर तिलाही जोडले. "मिच्छामि दुक्कडम्." वीस वर्षं हे ऐकते आहे. ते प्राकृत आहे, माझं दुष्कृत मिथ्या होवो, एवढा त्याचा अर्थ. मी दरवर्षी हसून म्हणायचे, अरे बेन, तुम्ही कुठे काय केलंय. ह्या वर्षी तेच म्हटलं. तर त्या म्हणाल्या, "खबर न पडे ने, बेटा." म्हणजे कळत नाही ना आपल्याला. आणि त्या पुढच्या दारी गेल्या.

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

कारण मला कळत होतं. सहा महिने मी काकांच्या सॉरीचा अर्थ लावत होते, ग्रीक झालं, जर्मन झालं, ऑस्ट्रेलिया झालं, आणि एक गोष्ट मी स्वतःशीसुद्धा उच्चारली नव्हती. बेसण्याची जाहिरात मी दिली होती. बाबा गेले त्या रात्री, रावपुऱ्यातल्या एजन्सीच्या मुलाला व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला, खाली घरच्यांची नावं, आई, मी, जावई, नात. त्याने फोन केला, वयस्कर माणूस आहे तर भाऊबहीण असतील, म्हणून त्याने विचारलं, "बेन, भाईनुं नाम?" आणि मी म्हटलं, "नथी." भाऊ नाही. एवढा एकच शब्द. आई शेजारीच होती, ती संध्याकाळपासून दोनदा म्हणाली होती, काकाला फोन कर, आणि मी दोन्ही वेळेला म्हटलं होतं, बघते. केला नाही. म्हणजे काकांना भाऊ गेल्याचं कळलं ते पेपर उघडल्यावर, चौकोनात फोटो, आणि फोटोखाली सगळ्यांची नावं, त्यांचं सोडून. ते वाचून ते रिक्षा करून आले, गर्दी पांगायची वाट बघितली असणार, आणि मला येऊन सॉरी म्हणाले. मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांजलपूरला गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काकू देवळात गेल्या होत्या, काकांनीच दार उघडलं, बनियनवर होते, घाईने शर्ट चढवला, बटणं वरखाली लागली. मी बसले. ते पंखा वाढवायला उठले, मग बसले, मग पाणी आणायला उठले. भिंतीवर आमच्या दांडिया बाजारच्या घराचा फोटो होता, ओटीवर दोघं भाऊ अर्ध्या चड्डीत, बाबांचा हात काकांच्या खांद्यावर. मी घरून निघताना सगळं ठरवून आले होते काय बोलायचं ते, रिक्षात मनात म्हणूनही पाहिलं होतं, सरळ मराठीत, चुकलं माझं, असं. आणि तोंडातून निघालं,

"सॉरी, काका."

त्यांनी पेला खाली ठेवला. "कशाबद्दल गं?"

"ती पेपरातली जाहिरात मी दिली होती. नावं मी सांगितली होती."

"माहितीये," ते म्हणाले.

पंख्याचा आवाज तेवढा होता. मी पुढे काहीतरी बोलणार होते पण ते उठले, स्वयंपाकघरात गेले, डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला, आणि हातात तेलकट पाकीट घेऊन आले. त्याचं रबर सुटेना, बोटं थरथरत होती, मी घेऊ का म्हटलं तर मान हलवली, स्वतःच सोडवलं. बशीत चेवडा ओतला, चमच्याने थोडा हलवून खालचे बेदाणे वर काढले, आणि बशी माझ्या बाजूला सरकवली.

"खा," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.